आमण्याच्या अलीकडे, सोनेगावच्या पलीकडे

माझ्या आईच्या हिशेबात मुंबई नागपूरपासून दोन वेळच्या शिदोरीइतकी लांब आहे. मी १९९४ मध्ये नोकरीसाठी मुंबईला आले, तेव्हापासून आजवर तिने या मापात काडीचाही बदल केलेला नाही. विदर्भ एक्स्प्रेसने परतताना एक डबा रात्रीचा असे आणि दुसरा, गाडी लेट झालीच तर, सकाळचा. पुढे मी विमानाने ये-जा करू लागले आणि एकदा तिला म्हटले की आता दीड तासात मुंबई येते, तेव्हा दुसरा डबा राहू दे. त्यावर सांबारवडीचा डबा पिशवीत सरळ बसवत ती म्हणाली, "विमान काय तुझ्या घरासमोर उतरून राह्यलं?" (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. बोरिवलीच्या शेजाऱ्यांना हे समजावण्यात माझी काही वर्षे गेली.)

तेव्हा मी हसले होते. त्या वाक्यात प्रवासाच्या अंतराबद्दलचा माझ्यापेक्षा किती तरी पक्का हिशेब होता, हे कळायला मला बराच काळ लागला.

मुंबई आणि नागपूर यांच्यामधले अंतर किती, या प्रश्नाला निदान चार उत्तरे आहेत आणि चारही खरी आहेत. दोन्ही विमानतळांमध्ये सरळ रेघ ओढली तर ते सुमारे ६८० किलोमीटर भरते. लोहमार्गाने, म्हणजे इगतपुरी, मनमाड, भुसावळ, अकोला असे जात, ते ८३७ किलोमीटर आहे. नाशिक, धुळे, जळगाव, अकोला, अमरावती या जुन्या रस्त्याने ते आठशेच्या वर जाते, आणि समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर आहे. यातला पहिला आणि शेवटचा आकडा शेजारी ठेवले की नवल वाटते, कारण सह्याद्रीची भिंत मध्ये असताना डांबर-काँक्रीटचा रस्ता पक्ष्याच्या वाटेच्या इतका जवळ जाईल, असे माझ्या लहानपणी कुणी सांगितले असते तर खरे वाटले नसते. मात्र हे ७०१ किलोमीटर मुंबईपासून मोजलेले नाहीत. ते भिवंडीजवळच्या आमण्यापासून नागपूरजवळच्या शिवमडक्यापर्यंतचे आहेत, आणि खरी गोष्ट तिथेच सुरू होते.

अंतर सांगताना आपण ते कुठून कुठे, हे सहसा गृहीत धरतो. जुन्या मुंबईत हे गृहीत धरलेले नव्हते. फोर्टातले सेंट थॉमस कॅथेड्रल, १७१८ मध्ये उपासनेसाठी खुले झालेले आणि ज्याच्यावरून चर्चगेटला नाव मिळाले ते, हा शहराचा शून्य बिंदू होता आणि तिथून उत्तरेकडे मैलांचे दगड बसवलेले होते. काळ्या दगडातले, रोमन आकड्यांचे त्यांतले काही दगड अजून पदपथांवर आहेत. रस्त्याची उंची वाढत गेल्यामुळे काही मानेपर्यंत जमिनीत गेले होते, ते महापालिकेने गेल्या काही वर्षांत बाहेर काढून नीट केले. नागपूरला विधान भवनाजवळ झिरो माइलचा स्तंभ आहे, चार घोड्यांसकट. शाळेची सहल तिथे गेली की गुरुजी सांगत, हा भारताचा मध्य. तिथल्या दगडावर हैदराबाद, चंद्रपूर, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल अशी नावे आणि त्यांचे मैल कोरलेले आहेत. मुंबईचे नाव त्यात नाही. ज्या शहराला १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी म्हणून मान होता, त्याचे लक्ष तेव्हा अरबी समुद्राकडे नव्हते, एवढाच त्याचा अर्थ. पुढे नागपूर कराराने विधिमंडळाच्या एका अधिवेशनाची सोय नागपुरात झाली आणि दर हिवाळ्यात फायलींचे गठ्ठे घेऊन अर्धे मंत्रालय हे अंतर कापू लागले.

आजचा मुंबईकर मात्र अंतर मैलांतही सांगत नाही आणि किलोमीटरांतही नाही. तो मिनिटांत सांगतो, आणि तीही गाडीच्या जातीसकट. बोरिवली ते चर्चगेट किती, असे विचारले तर "फास्टने तासाच्या आत" असे उत्तर येते. किलोमीटर विचारल्यास माणूस गोंधळून जातो. मी नागपूरची असल्यामुळे सुरुवातीला मला ही पद्धत विक्षिप्त वाटली, कारण आमच्याकडे सीताबर्डी धरमपेठेपासून दोन-तीन किलोमीटर असते आणि सकाळी, दुपारी, संध्याकाळी तेवढीच असते. मुंबईत तीच जागा सकाळी अकराला जवळ आणि संध्याकाळी सातला परगावी असते.

नागपूर आणि मुंबई यांत आणखी एक अंतर आहे, जे रस्त्यावर दिसत नाही. नागपूर मुंबईच्या पूर्वेला साधारण सहा अंश रेखांश आहे, त्यामुळे तिथे सूर्य सुमारे पंचवीस मिनिटे आधी माथ्यावर येतो. घड्याळ दोन्हीकडे एकच. आईचा फोन म्हणूनच मला नेहमी लवकर वाटतो. तिच्या अंगणात ऊन आलेले असते आणि माझ्या खिडकीबाहेर अजून दिवे चालू असतात. ही तक्रार जुनी आहे. भारताची प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली तेव्हा मुंबईने ती मनापासून स्वीकारली नव्हती आणि तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे असणारा 'बॉम्बे टाइम' शहरात काही ठिकाणी १९५५ पर्यंत पाळला जात होता. बाहेरगावच्या माणसाला तेव्हा मुंबईत उतरल्यावर आधी हे विचारावे लागत असेल की समोरचे घड्याळ कोणाचे.

माझ्या वडिलांनी मुंबईचे अंतर मध्यरात्रीत मोजले. ते टपाल खात्यात होते आणि साठच्या दशकात काही वर्षे सोनेगाव विमानतळावर रात्रपाळीला टपाल छाटण्याचे काम करत. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण ती एक विलक्षण सोय होती. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालात मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रोज रात्री एकेक विमान निघे आणि चारही मध्यरात्रीच्या सुमाराला नागपूरला जमत. तिथे एकमेकांच्या थैल्यांची अदलाबदल होई, प्रवासीही या विमानातून त्या विमानात जात, आणि पहाटेपर्यंत चारही आपापल्या गावी परतत. संध्याकाळी मुंबईत पेटीत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात वाटले जाऊ शके. ही सेवा १९७३ पर्यंत चालली. वडील सांगत की विमान उतरण्याआधी त्याचा आवाज येई, आणि मुंबईचे विमान कोणते हे ते थैल्यांच्या वासावरून ओळखत: त्यांना दमटपणा असे. हे खरे किती आणि रंगवलेले किती, हे मी कधी तपासले नाही.

सुरुवातीच्या काळात त्या मार्गावर डाकोटा विमाने होती. डाकोटाचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या आतबाहेर, म्हणजे मुंबई–नागपूरला अडीच तासांच्या जवळपास. आजचे जेट विमान त्याच्या अडीच-पावणेतीनपट वेगाने जाते, तरी वेळापत्रकात दीड तास लिहिलेले असते, कारण हा आकडा विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा असतो आणि त्यात धावपट्टीपर्यंतची रांगही मोजलेली असते. म्हणजे सत्तर-पंचाहत्तर वर्षांत आकाशात आपण साधारण एक तास वाचवला. तो तास मग आपण जमिनीवर खर्च केला. डाकोटाच्या प्रवाशाला सुरक्षा तपासणीची रांग नव्हती, पट्टा आणि घड्याळ काढून ट्रेमध्ये ठेवायचे नव्हते, दोन तास आधी पोहोचायचे नव्हते. हिशेब पूर्ण करायचा तर दारापासून दारापर्यंतच्या वेळेत माझ्यात आणि १९५० च्या प्रवाशात फार फरक पडत नाही, आणि हे मला जितके विनोदी वाटते तितकेच अस्वस्थही करते.

रस्त्याची गोष्ट उलटी आहे. तिथे खरोखर क्रांती झाली. माझ्या कॉलेजच्या काळात नागपूर–मुंबई बसने जाणे म्हणजे शिक्षा होती. सोळा-सतरा तास, खामगावच्या आसपास कुठे तरी कळकट जेवणाचा थांबा, आणि पहाटे कसारा घाटात ट्रकांच्या मागे रांगताना खिडकीतून येणारा तापलेल्या ब्रेकचा वास. घाट हीच खरी अडचण होती. १८६५ मध्ये रेल्वे तो चढून इगतपुरीला पोहोचली आणि दोन वर्षांनी नागपूरला, पण तिथली चढण ३७ फुटांना एक फूट अशी असल्यामुळे गाड्यांना आजही कसाऱ्याला मागून जादा इंजिने लावावी लागतात. समृद्धीने घाट चढण्याऐवजी त्याच्या पोटातून जाणे पसंत केले. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा, जवळपास आठ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यासह, ५ जून २०२५ रोजी. रस्ता ताशी १५० किलोमीटरसाठी आखलेला, मोटारींना परवानगी १२० ची. सरकारी भाषेत नागपूर–मुंबई आठ तास.

त्या रस्त्याचे मी कौतुक करते, पण आईसमोर करत नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ एका खासगी बसला आग लागून पंचवीस माणसे गेली. बस नागपूरहून पुण्याला निघाली होती आणि आमच्या गल्लीपर्यंत ती बातमी नुसती बातमी म्हणून आली नव्हती. शेकडो किलोमीटर वळण नाही, सिग्नल नाही, समोर गाव नाही, अशा रस्त्यावर डोळे उघडे ठेवून माणूस झोपतो. माझा धाकटा भाऊ दर दोन तासांनी गाडी थांबवून तोंडावर पाणी मारतो, भूक असो वा नसो, आणि हे त्याने आईला शपथेवर सांगितलेले आहे.

आता त्या दिवसाबद्दल. २०२५ च्या जुलैमध्ये, पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी नागपूरच्या शेजारच्या काकूंचा फोन आला की आई न्हाणीघरात पडली आहे, खुब्याचे हाड मोडले असावे, आणि त्यांचा मुलगा तिला धरमपेठेतल्या दवाखान्यात घेऊन चालला आहे. मी बोरिवलीत, भाऊ कल्याणला. तो म्हणाला, मी गाडी काढतो. मी म्हटले, मला घेऊन जा. मग आम्ही दोघेही काही क्षण गप्प राहिलो, कारण दोघांनाही एकच आकडेमोड दिसत होती. पावसात घोडबंदर रस्त्याने त्याने बोरिवलीला यायचे आणि मला घेऊन पुन्हा भिवंडीकडे वळायचे, म्हणजे दोन तास गेले. तेवढ्यात तो एकटा शिर्डीच्या पुढे असेल. आम्हा भावंडांत नागपूर आडवे येत नव्हते, मुंबई येत होती. "ताई, तू विमान बघ," असे म्हणून त्याने फोन ठेवला.

सकाळच्या पहिल्या विमानात जागा नव्हती. मिळाले ते दहाच्या जरा आधीचे. मला सातला निघायचे होते म्हणून पाच ते सात हे दोन तास मी बॅग भरून सोफ्याच्या कडेवर बसून काढले, आणि प्रवासाच्या कुठल्याच हिशेबात हे दोन तास कोणी धरत नाही. भावाचा पहिला निरोप सव्वापाचला आला: आमणे. मग सहाला बोगदा. मी विमानतळाच्या वाटेवर गोरेगावच्या पुलाखाली साचलेल्या पाण्याकडे बघत होते तेव्हा तो शिर्डी ओलांडत होता. मी ट्रेमध्ये चपला काढून ठेवल्या तेव्हा तो छत्रपती संभाजीनगरच्या पुढे गेला होता.

विमान वेळेवर भरले आणि मग जागच्या जागी उभे राहिले. पाऊस कमी झाला की रांग पुढे सरकेल, असे सांगण्यात आले. मुंबईच्या विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत आणि तिथली सारी ये-जा प्रत्यक्षात एकाच पट्टीवरून होते, हे मी अनेकदा वाचले होते. त्या दिवशी खिडकीतून मोजले. आमच्या पुढे सहा विमाने होती. मधल्या सीटवरच्या गृहस्थांनी मला विचारले की नागपूरला काय विशेष, आणि मी "आई" एवढेच म्हटले. त्यांनी न बोलता हात उंच करून माझ्या डोक्यावरचा वारा कमी केला. भावाचा निरोप आला: मेहकर, चहा.

अकरा वाजून पाच मिनिटांनी आम्ही उडालो, आणि नागपूर पूर्वेला असताना विमान आधी पश्चिमेला गेले. पावसाळ्यात वारा समुद्राकडून येतो आणि विमानाला वाऱ्याच्या तोंडाने उडावे लागते, म्हणून जुहूवरून समुद्रात जायचे आणि मग सावकाश वळण घेऊन परत यायचे. हे मला नीट ठाऊक आहे. तरी त्या दिवशी ढगांच्या फटीतून खालचे गढूळ पाणी मागे पडण्याऐवजी पुढे पुढे येताना पाहून मला वैमानिकाचा राग आला. पुढचा प्रवास तासाभराचा होता आणि त्याबद्दल सांगण्यासारखे काहीही नाही. ढग होते, घाटावर चार धक्के बसले, पाण्याची छोटी बाटली मिळाली.

सोनेगाव हे विमानतळ गावाच्या कुशीतच आहे. बाहेर आले की पंधरा-वीस मिनिटांत धरमपेठ. एक वाजून पाच मिनिटांनी मी दवाखान्याच्या दारात उतरले, तर पायऱ्यांवर भाऊ उभा होता आणि त्याच्या हातात कागदी पेल्यातला अर्धा चहा होता. तो माझ्या पंधरा मिनिटे आधी पोहोचला होता. आम्ही एकमेकांना काही बोललो नाही. ज्या दिवशी आभाळ मोकळे असते आणि तिकीट आधी काढलेले असते त्या दिवशी विमान त्याला चार तासांनी हरवते, हे मला मान्य आहे. पण पहाटे चारच्या फोनसाठी तिकीट आधी काढून ठेवता येत नाही.

आई गुंगीत होती. तिने आधी त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि विचारले, "जेवली का?"

शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी झाली, नीट झाली. पंधरा दिवसांनी वॉकर धरून ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत येऊ लागली तेव्हा आम्ही निघायचे ठरवले, या वेळी दोघेही गाडीने, कारण मला पुन्हा त्या रांगेत बसायचे नव्हते. आईने खुर्चीत बसून काकूंना सूचना दिल्या आणि त्यांच्या हातून दोन डबे भरून घेतले. मी म्हटले, आठ तासांचा रस्ता आहे, एक पुरे. ती म्हणाली, "राहू दे, बाप्पा."

सकाळी साडेनऊला निघालो. पहिला डबा मेहकरच्या पुढे उघडला: तिखट-मिठाच्या पुऱ्या, लोणचे. सव्वासहाला आम्ही आमण्याला होतो आणि भावाने विजयी मुद्रेने घड्याळाकडे बोट दाखवले. तिथून माझे घर पंचेचाळीस किलोमीटर. ठाणे आणि बोरिवली यांना राष्ट्रीय उद्यानाच्या खालून जोडणाऱ्या बोगद्याचे काम सुरू आहे, तो झाला की हे चित्र बदलेल म्हणतात. त्या संध्याकाळी मात्र भिवंडीचे अवजड ट्रक, खड्डे आणि घोडबंदर रस्ता होता. काल्हेरला साडेसात झाले. कासारवडवलीला पावणेनऊ. गायमुखच्या चढावर सगळे थांबले. पुढे एक कंटेनर बंद पडला होता, लोक गाड्यांचे दिवे विझवून खाली उतरू लागले होते, आणि उजव्या हाताला अंधारात खाडी होती.

भावाने इंजिन बंद केले. थोड्या वेळाने तो म्हणाला, "ताई, दुसरा डबा कुठाय?"

सांबारवडी अजून कुरकुरीत होती.